लांबीला रुंदीने गुण

कॉम्प्युटर आमच्या गावातही आलेला नव्हता, तेव्हाच त्याच्या दोन भाषा घरात येऊन बसल्या होत्या. एक यजमानांनी आणली, दुसरी मी.

यजमान सोलापुरातल्या एका कापड गिरणीत सुताच्या साठ्याचे काम पाहायचे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी गिरणीने ते काम मुंबईतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर करून घ्यायचे ठरवले आणि यजमानांना कोबोल शिकायला मुंबईला धाडले. मी कॉलेजात गणित शिकवत होते. त्याच सुमारास आमच्या विभागप्रमुखांनी फोरट्रानचे एक जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या टर्मपासून संध्याकाळी याचा वर्ग काढू. तुम्ही शिकवा."

मी विचारले, "सर, पण मशीन?"

"मशीन पुण्यात आहे. फळा आपल्याकडं आहे," ते म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. वर्ग खरोखरच फळ्यावर चालला. मुले चौकटीच्या कागदावर प्रोग्रॅम लिहायची, मी तो फळ्यावर उतरवायचे आणि एकेक ओळ वाचून यंत्र काय करील ते स्वतः करून दाखवायचे. मुले मला चुकवायचा प्रयत्न करायची आणि मला ते आवडायचे.

यजमान मुंबईहून परतले आणि घरात वाद सुरू झाला. त्यांची कोबोल इंग्रजी वाक्यांसारखी होती. मिळव, वजा कर, हलव, असली क्रियापदे आणि शेवटी चक्क पूर्णविराम. माझी फोरट्रान बीजगणितासारखी. ते म्हणायचे, "उद्या ऑफिसातला कुणीही माणूस माझी ओळ वाचू शकेल. तुझी ओळ वाचायला गणिताची बाईच लागणार." मी म्हणायचे, "कुणीही कसा? इंग्रजी येणारा कुणीही."

या वादात एके दिवशी सासरे पडले. मामंजी मोडनिंबच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच राहत. व्याकरण हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. रोजचा पेपरसुद्धा ते हातात पेन्सिल घेऊन वाचायचे.

"तुझ्या त्या भाषेतलं एक वाक्य सांग बघू," ते यजमानांना म्हणाले.

यजमान म्हणाले, "सबट्रॅक्ट तूट फ्रॉम सूत. म्हणजे सुतातून तूट वजा कर."

"आणि सबट्रॅक्ट सूत फ्रॉम तूट म्हटलं तर?"

"उलटं होईल की, बाबा. तुटीतून सूत वजा होईल."

"आता मराठीत बघ. सुतातून तूट वजा कर. तूट सुतातून वजा कर. शब्द कसेही फिरव, अर्थ हलत न्हाय. का? तर 'तून' हा प्रत्यय सुताला घट्ट धरून बसलाय. मग तुमच्या या यंत्राला मराठी का शिकवत नाहीत?"

यजमान हसले. मला मात्र हसू आले नाही. यंत्राला अक्षरे इंग्रजीच चालतात, एवढेच मी सांगू शकले. मामंजींनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून ते यंत्रासाठी मराठी आज्ञा तयार करायला लागले. क्रियापदे निवडायची, कोणत्या विभक्तीचे काय काम ते ठरवायचे. "लांबीला रुंदीने गुण," असे ते मोठ्याने म्हणायचे आणि मला विचारायचे, "यात कुठं घोटाळा होण्यासारखं आहे?" मी भाजी चिरता चिरता विचार करायचे. कधी सापडायचे, कधी नाही. 'गुण' हे नामही आहे आणि क्रियापदही, असे मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस ते 'गुणाकार कर' की 'गुण' यावरच अडून राहिले.

टर्म संपताना पुण्याच्या एका संस्थेने आमच्या मुलांचे प्रोग्रॅम त्यांच्या यंत्रावर चालवून द्यायचे कबूल केले. कागद घेऊन मी जाणार होते. मामंजी म्हणाले, "सूनबाई, मी येऊ का?" आम्ही दोघे सकाळच्या गाडीने निघालो. गाडीत त्यांनी विचारले, "आपले शब्द त्यात घालता येतील का? इंग्रजी अक्षरांत का होईना." फोरट्रानमध्ये आकड्यांना नावे द्यायची मुभा असते, सहा अक्षरांपर्यंत. तेव्हा मी कुर्डुवाडीच्या पुढे कागदावर छोटासा प्रोग्रॅम लिहिला. एका चादरीची लांबी अडीच मीटर, रुंदी दीड मीटर, तर क्षेत्रफळ किती? नावे दिली लांबी, रुंदी आणि फळ, इंग्रजी अक्षरांत.

संस्थेत यंत्र काचेपलीकडे होते. त्या खोलीचा गारवा दाराच्या फटीतून बाहेर येत होता. मामंजी काचेशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "यात बोलण्यासारखं तोंड कुठं दिसत न्हाय." यंत्राचे काम पाहणाऱ्या बाई माझ्याहून वयाने मोठ्या, शांत होत्या. आमचे कागद त्यांनी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून, म्हणजे पंच करून घेतले आणि दुपारनंतर या म्हणाल्या.

दुपारी लांबलचक कागद हातात आले. मुलांचे निम्मे प्रोग्रॅम स्वल्पविरामावरून अडले होते. आमचा मात्र चालला होता. मामंजींनी चष्मा लावला आणि उत्तर वाचले.

"तीन," ते म्हणाले. "अडीच दिढे पावणेचार. हे तीन कसं म्हणतंय?"

मी ओळी पुन्हा वाचल्या. त्या बाईही माझ्या शेजारी येऊन वाचू लागल्या. दोघींच्या एकदमच लक्षात आले आणि दोघीही हसलो. फोरट्रानचा एक नियम आहे. नाव आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झाले, तर तो आकडा पूर्णांक धरला जातो, अपूर्णांक गळून पडतो. हा नियम मी फळ्यावर कितीदा तरी सांगितला होता. पण तेव्हा नावे इंग्रजी असायची. आज मी मराठीत विचार करत होते, आणि लांबी एलने सुरू होते. अडीचाचे दोन झाले होते. रुंदी आरने सुरू होते, म्हणून तिचा दीड शाबूत राहिला.

मामंजींना मी हे समजावून सांगितले. मला वाटले, हिरमुसतील. त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे लांबीला अर्धा नसतो आणि रुंदीला असतो, असं ते म्हणतंय?"

"ते काही म्हणत नाही, मामंजी. ज्यांनी भाषा केली त्यांनी तसं ठरवलंय."

"का ठरवलं?"

मी त्या बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "गणितात आय, जे, के ही अक्षरं मोजणीसाठी वापरायची सवय असते. ती त्यांनी तशीच उचलली असावी. त्यांच्या सोयीचं होतं."

"सवय," मामंजी म्हणाले. "आमच्या मुलांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. आम्ही भाषा केली असती, तर अडीच आधी घातला असता."

बाई म्हणाल्या, "लांबीला अपूर्णांक हवा, असं आधी एका ओळीत जाहीर करता येतं. थांबा." त्यांनी एक कार्ड पंच करायला सांगितले, ते गठ्ठ्यात सुरुवातीला घातले आणि आमच्यासाठी तेवढेच पुन्हा चालवले. या वेळी पावणेचार आले.

परतीच्या गाडीत मामंजी त्या एका ओळीबद्दलच बोलत होते. नियम आहे तो आहेच, पण आधी सांगून ठेवले तर त्यातून सुटता येते, हे त्यांना फार आवडले होते. माझ्या डोक्यात दुसरेच घोळत होते. आजवर भाषा ही मला पाटीसारखी वाटत होती. जे मनात आहे ते तिच्यावर लिहायचे. त्या दुपारी प्रथमच वाटले, की पाटीवरच आधी कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेले असते.

पुढच्या टर्मला मी मामंजींना वर्गात बोलावले. आपल्या मराठी आज्ञा त्यांनी फळ्यावर लिहिल्या आणि तासभर रंगून बोलले. एक दिवस यंत्राशी असे बोलता येईल, इंग्रजीवाचून कुणाचे अडणार नाही, असे म्हणून ते खाली बसले. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली होती.

"सर, आमच्या घरी तेलुगू बोलतात. मराठी मी शाळेत शिकले. आता इंग्रजी शिकले. तुमची भाषा आली तर मला काय सोपं होणार?"

वर्गात कुणीतरी हसले. मामंजी हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. हे मी धरलंच नव्हतं." मग त्यांनी खडू तिच्यापुढे केला. "हे तुमच्यात कसं म्हणाल, लिही बरं. लांबीला रुंदीने गुण."

तिने देवनागरीत लिहिले, 'पोडवुनु वेडल्पुतो गुणिंचु.'

"यात 'ला' कुठं आहे?"

"नु."

"आणि 'ने'?"

"तो."

मामंजी फळ्याच्या अगदी जवळ गेले. त्यांना काय दिसले ते मलाही दिसले. शब्द वेगळे होते, पण घडण तीच होती. प्रत्यय शब्दाच्या मागे आणि क्रियापद शेवटी. घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. शेजारी अक्कलकोटकडच्या कानडी काकू होत्या, त्यांना गाठले. त्या म्हणाल्या, "उद्दवन्नु अगलदिंद गुणिसु. पण हे कशाला हवंय तुमाला?" कोपऱ्यावरचे शिंपी मशीन थांबवून म्हणाले, "लंबाई कू चौडाई से जरब दे." जरब म्हणजे त्यांच्या दखनीत गुणाकार. चारही वाक्ये त्यांनी एकाखाली एक लिहिली आणि मला दाखवली.

"सूनबाई, शब्द ज्याचे त्याला ठेवू द्यावेत. सांगाडा एकच पुरतो."

"आणि इंग्रजीचा सांगाडा?"

"तो त्यांचा. तोही असू दे की."

त्या दिवसापासून ते मराठीचा हट्ट विसरले आणि सांगाड्याच्या मागे लागले. ती मुलगी आठवड्यातून एकदा घरी येऊ लागली. दोघे ओसरीवर बसून कोणत्या वाक्याचे दोन अर्थ निघतात ते शोधायचे.

दरम्यान यजमानांवर वेगळाच प्रसंग आला. मुंबईच्या त्या कंपनीने जुने यंत्र काढून दुसऱ्या बनावटीचे आणले. यजमान धास्तावले. इतक्या महिन्यांचे काम वाया जाणार, पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागणार, असे त्यांना वाटले. ते मुंबईला गेले आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर, हसतमुखाने परत आले.

"प्रोग्रॅममध्ये यंत्र कोणतं ते सांगणारा एक भाग असतो," जेवताना ते म्हणाले. "तो बदलला, इकडंतिकडं थोडं सावरलं. बाकीच्या ओळी जशाच्या तशा चालल्या."

"म्हणजे यंत्र गेलं आणि तुझं लिहिलेलं राहिलं," मामंजी म्हणाले.

"व्हय."

"आणि तू गिरणी सोडलीस तर?"

"तरी ओळी चालतील. माझ्या जागी येईल तो त्या वाचेल, हवं ते बदलेल."

मामंजींनी घास खाली ठेवला. "त्याला त्या कळतील का? मला एक वाचून दाखव."

जेवण झाल्यावर यजमानांनी आपलीच जुनी ओळ वाचून दाखवायला घेतली आणि तिसऱ्या नावाशी अडखळले. स्वतःच ठेवलेले ते नाव कशाचे, हे त्यांना आठवेना. बराच वेळ कागद उलटसुलट केल्यावर आठवले, पण त्यांचा चेहरा उतरला. पुढचे कितीतरी रविवार त्यांनी ती नावे बदलण्यात घालवले. आखूड, तुटक नावे काढून लांब आणि उघड अर्थाची घातली. आमचा वाद तिथे मिटला नाही, पण त्याचा सूर बदलला. कोणती भाषा जिंकणार, हे आम्ही विचारेनासे झालो. लिहिलेले दुसऱ्याला किती कळते, हे एकमेकांचे कागद बदलून पाहू लागलो.

वर्ग आणखी काही टर्म चालला. विद्यापीठाची मान्यता मिळेना, तेव्हा बंद पडला. मामंजींच्या आज्ञा कोणत्याच यंत्रावर कधी चालल्या नाहीत, आणि त्याचे त्यांना फारसे दुःख झाल्याचे मला दिसले नाही. ती मुलगी मात्र पुण्याच्या त्याच संस्थेत नोकरीला लागली. दिवाळीत सोलापूरला आली, की आमच्याकडे येऊन जायची. एकदा म्हणाली, तिकडे आता आणखी एक नवी भाषा आली आहे आणि जुनी ठेवायची की नवी घ्यायची यावरून ऑफिसात दोन तट पडले आहेत.

"तू कुणाच्या बाजूला?" मामंजींनी विचारले.

"अजून ठरलं नाही, सर. आधी दोन्हींत लिहून बघते की."

मामंजींनी खुर्ची तिच्याकडे ओढली. "मग नवीतलं एक वाक्य सांग," ते म्हणाले.