यारीवरचा रोजा

दस्तगीर यारी चालवायचा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं केलेलं उचलायचं यंत्र. लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून खाली गेलेला तारेचा दोर, दोराला दगड-मुरूम वर आणणारी बकेट, आणि हे सगळं ओढणारं डिझेलचं इंजिन. चालवणारानं हात दांड्यावर आणि पाय ब्रेकवर ठेवून बसायचं. खाली माणसं असतात, पण वरून ती दिसत नाहीत. त्यांची हाळी तेवढी ऐकू येते. म्हणून निलंग्याकडची विहिरीवरची माणसं कामाला हो म्हणायच्या आधी विचारायची, "यारीवर कोण हाय?" दस्तगीरचं नाव ऐकलं की पुढं काही विचारायची नाहीत.

त्याचा बाप दुसर्‍याच्या मळ्यात मोट हाकायचा. बैल मागं सरताना दोर किती ढिला सोडायचा, हे दस्तगीर बापाच्या शेजारी उभा राहून शिकला. मोटा गेल्या, इंजिनं आली, पण दोराची ती समज त्याच्या हातात राहिली. माणूस अबोल. भांडण नाही, तंटा नाही. एका गोष्टीचा मात्र त्याला मनातून ताठा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यानं रमजानचा एकही रोजा सोडला नव्हता. अंगात ताप असतानाही नाही.

त्यातली एक सोय त्याच्या कधी ध्यानात आली नव्हती. रमजान दर वर्षी थोडा थोडा अलीकडं सरकतो. मधली कित्येक वर्षं तो पावसाळ्यात येत होता, आणि पावसाळ्यात विहिरीची कामं बंदच असतात. दस्तगीर घरी असायचा. पहाटेची फजरची नमाज पढून पुन्हा पडायचा, ऊन वर येईपर्यंत झोपायचा. रोजे सुखानं जायचे.

सरकत सरकत रमजान मे महिन्यात आला, आणि नेमका त्याच सुमारास दुष्काळ पडला. लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाल्याला थोडीच वर्षं झाली होती. नव्या कचेर्‍यांच्या जीपा धुरळा उडवत गावोगाव फिरायच्या, साहेब लोक कोरड्या विहिरीत वाकून बघायचे. गावाच्या विहिरी खोल करायची कामं निघाली. चिंचोडी गावच्या विहिरीचं काम रेवणप्पा गुत्तेदाराकडं आलं. पाऊस पडायच्या आत खडक फोडून पाणी काढायचं होतं, म्हणून तांबडं फुटलं की इंजिन सुरू आणि दिवस मावळेपर्यंत चालू.

दस्तगीरचं घर निलंग्यात. इफ्तार झाली की तो मशिदीत जायचा. तरावीहची लांब नमाज संपवून घरी यायचा तेव्हा गल्ली जागीच असायची. पत्र्याचं छप्पर दिवसभर तापलेलं, त्याची धग उतरत नसे. डोळा लागतो न लागतो तोच रसूलबी, त्याची बायको, पहाटे सहरीच्या जेवणासाठी उठवायची. दोन घास खाल्ले, पाणी प्याला, नमाज पढला की लगेच सायकलवर टांग मारून चिंचोडीचा रस्ता. पूर्वीची ती सकाळची झोप आता नव्हती.

"जरा लेट के जाव ना," रसूलबी म्हणायची.

"खाली लोकां खडे रहते," तो म्हणायचा.

भूक त्याला कधी जड गेली नाही. पहिल्या आठवड्यात तहानेनं जीभ टाळ्याला चिकटायची, तेही सवयीचं झालं. पण महिना अर्ध्यावर आला तसं त्याला काही वेगळंच जाणवायला लागलं. दुपार कलली की खालची हाळी लांबून आल्यासारखी वाटायची. 'ओढ' ऐकू यायचं, आणि हात मागाहून हलायचा. एकदा बकेट कप्पीच्या अगदी जवळ गेल्यावर त्याला ब्रेक आठवला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो कुणाला बोलला नाही. रोज्यानं अंग थकलं असं कबूल करायचं, तेही त्यानं, हे त्याच्या जिभेवर येईना.

ग्यानोबाला मात्र शंका आली होती. ग्यानोबा चिंचोडीचाच. बरीच वर्षं दस्तगीरच्या यारीखाली काम केलेला, पहारीचा पक्का गडी. एका सकाळी बकेटीत पाय टाकताना तो म्हणाला, "डोळं लाल दिसायलेत तुझे. निजतोस का न्हाई?"

"निजतो की."

"बघ बाबा. आमी तुझ्या जिवावर खाली हाव."

त्याच दिवशी दुपारी ते घडलं. खाली सुरुंगानं फुटलेले दगड ग्यानोबा आणि मलप्पा भरत होते. बकेट वर येत होती. दस्तगीरचे डोळे उघडे होते. दोर चढताना त्याला दिसत होता, आणि तरीही तो झोपला होता. बकेट कप्पीवर आदळली तेव्हा तो दचकून भानावर आला आणि त्यानं ब्रेक दाबला. बकेट तिरपी झाली होती. तिच्यातले वरचे दगड घरंगळून विहिरीत गेले. खालून एक किंकाळी आली.

"मलप्पाऽ!" तो ओरडला.

"ग्यानोबाचा पाय गेला!" खालून मलप्पाचा आवाज आला. "लई रगत हाय. लवकर ओढा!"

रेवणप्पा लिंबाखालून पळत आला. "ऊठ तिथनं!" तो दस्तगीरवर ओरडला. "हात लावू नको. निलंग्याहून दुसरा माणूस आणतो मी." पण दुसरा माणूस यायला दिवस मावळला असता, हे त्यालाही कळत होतं. कुणी म्हणालं, दोर टाकून हातानं ओढू. एवढ्या खोलातून, मोडक्या पायाचा माणूस. कुणी पुढं झालं नाही.

तेवढ्यात ग्यानोबाचाच आवाज वर आला. "दस्तगीर हाय का वर?"

"हाय," दस्तगीर वाकून म्हणाला.

"मंग ओढ की. कुणाची वाट बघायलास?"

दस्तगीरनं आपल्या हाताकडं पाहिलं. बोटं थरथरत होती. डोळ्यांपुढं अजून काळं-पांढरं होत होतं. अशा हातानं त्याला उचलायचं नव्हतं. टँकरच्या पाण्यासाठी थांबलेल्या बायका काठाशी जमल्या होत्या. त्यातल्या धोंडाबाईच्या कमरेवर भरलेली घागर होती.

"पाणी द्या, माय," तो म्हणाला.

तिनं घागर पुढं केली, मग थबकली. "तुमचा रोजा हाय न्हवं?"

"द्या."

त्यानं पहिली ओंजळ डोक्यावर घेतली, दुसरी तोंडावर मारली. मग ओंजळ ओठाला लावली आणि प्याला. पुन्हा प्याला. कुणी गुळाचा खडा दिला, तोही त्यानं चावून खाल्ला. सगळे बघत होते. तो यारीच्या पाटावर बसला आणि दांडा धरला. हाताची थरथर थांबली तेव्हा त्यानं काठावरच्या गड्यांनी रिकामी केलेली बकेट खाली सोडली.

मलप्पानं ग्यानोबाला आत बसवून हाळी दिली. दस्तगीरनं त्याला असं वर आणलं, की बकेट कुठं कपारीला घासलीसुद्धा नाही. काठावर उतरवून घेतलं तेव्हा ग्यानोबाचा चेहरा मातीसारखा झाला होता. गावात आलेल्या कचेरीच्या जीपमधून त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं. दस्तगीर मागच्या बाजूला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

पाय वाचला, पण गुडघ्याखालचं हाड वाकडं जुळलं. डॉक्टरनं सांगितलं, खोल उतरायचं काम आता विसरा.

साखराबाई, ग्यानोबाची बायको, दवाखान्याच्या व्हरांड्यात दस्तगीरला म्हणाली, "देवाचं करता करता माणूस मारायला निघाला होता तुमी." त्यानं मान खाली घातली.

मशिदीत नमाज पढवणाऱ्या पेशइमामांना त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. म्हातार्‍या पेशइमामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जान वाचवायला रोजा तोडला, त्याचा गुन्हा नाही. बदल्यात एक रोजा नंतर धर," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण तू झोपत नव्हतास, हे तुला ठाऊक होतं. त्याचा जाब मला नको देऊ. त्याला दे, ज्याचा पाय मोडला."

दुसर्‍या दिवशी तो ग्यानोबाच्या खाटेशी गेला. म्हणाला, "रोजे सोडतो. न्हाई तर यारी सोडतो."

"दोन्ही सोडू नको," ग्यानोबा म्हणाला. "उपासानं न्हाई पडले ते दगड. तू जागून आलास, आन् मी इचारलं तर खोटं बोललास. म्हणून पडले. मला सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी उतरलोच नसतो."

दस्तगीरला रडू आलं. ग्यानोबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्याच्याही मनात राग होता, आणि तो त्यानं लपवला नाही.

यारीवर दस्तगीरच राहील, पण भर दुपारी काम होणार नाही, अशी अट मलप्पानं आणि बाकीच्यांनी रेवणप्पाला घातली. काम बंद पडायच्या भीतीनं त्यानं ती मानली, आणि काम सकाळच्या गारव्यात आणि उन्हं उतरल्यावर होऊ लागलं. मधल्या वेळात दस्तगीरनं लिंबाखाली झोपायचं, आणि त्याला कुणी हाक मारायची नाही. तरावीह तो घरीच पढू लागला आणि लवकर आडवा होऊ लागला. मशिदीतल्या रांगेत तो दिसेनासा झाला. लोक काय म्हणत असतील हे त्याला कळायचं. पूर्वी ते त्याला सहन झालं नसतं. उरलेले रोजे त्यानं धरले. कुणाला इजा झाली नाही. पाऊस लागायच्या आधी विहिरीला पाझर फुटला. फार नाही, गावाला पुरवून पुरवून वापरावा लागेल एवढाच.

थंडीत, घरात कुणाचाच रोजा नसताना, त्यानं बदल्याचा तो एक रोजा धरला. त्या दिवशी तो चिंचोडीला ग्यानोबाकडं गेला. ज्वारी काढणीला आली होती. ग्यानोबा काठी टेकत अंगणात आला. दोघं बसून राहिले. सूर्य बुडाला तशी साखराबाई बाहेर आली, तिनं पाण्याचा तांब्या आणि वाटीत शेंगदाणे-गूळ त्याच्यापुढं ठेवला, आणि आत गेली. पुढंही ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्यानं तिच्याकडून जास्त मागितलं नाही.

दस्तगीरच्या हट्टानं रेवणप्पानं ग्यानोबाला विहिरीच्या काठावरचं काम दिलं. खालची हाळी ऐकायची, हात वर-खाली करून यारीवाल्याला खूण करायची. बोअरच्या गाड्या येऊन विहिरीचा धंदा बसेपर्यंत दोघं असे समोरासमोर होते. रोज सकाळी इंजिनाला हँडल मारायच्या आधी ग्यानोबा लंगडत जवळ यायचा आणि विचारायचा, "निजलास का?" काही दिवशी दस्तगीर "न्हाई" म्हणायचा. मग त्या दिवशी बकेट खाली जायची नाही.