कुलपाआडचा श्वास

धुरपताबाईला वडनेरात कोणी भित्री म्हणण्याची हिंमत करत नसे. वांग्याच्या वाडीत साप निघाला तर विळा घेऊन तीच पुढे व्हायची. गावानं समाजमंदिराची किल्ली तिच्याकडे दिली ती काही उगीच नाही. पण त्याच समाजमंदिरात, कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या मशीनकडे पाठ करून ती झाडू मारायची.

मशीन दानात आलेलं, साऱ्या गावासाठी. ज्याचा दम उखडेल त्यानं घरी न्यायचं. अण्णाजीकडे गेलं, आठवड्यात अण्णाजी गेला. सुमित्राबाईकडे गेलं, तिचीही तिरडी निघाली. तुम्हीच ते अगदी शेवटच्या घटकेला नेता, मशीनवर खापर काय फोडता, असं गावची आशा कार्यकर्ती अंजू घसा कोरडा करून सांगायची. पण ऐकतो कोण? तेरवी झाली की माणसं मशीन परत आणून टाकायची आणि घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची.

आता पाळी धुरपताबाईच्या नवऱ्याची होती. चंद्रभानची हयात जिनिंगमध्ये गेली, कापसाची धूळ छातीत बसली. दोन-तीन शब्द बोलला की थांबायचा. डॉक्टरांनी तपासून रोज मशीन लावायला सांगितलं. अंजू निरोप घेऊन आली, तेव्हा धुरपताबाई दार अडवून उभी राहिली.

"ते मरणाचं खटलं माह्या घरात येनार नाई! मले अजून कुकू लावाचं हाये."

चंद्रभान खाटेवर बसून ऐकत होता.

चैतात गावात कुजबुज सुरू झाली. समाजमंदिर भर दुपारी श्वास घेतं म्हणे. कुलूप तसंच, आणि आतून फुस्स... थांबून पुन्हा फुस्स. सुमित्राबाईचा दम आत अडकून राह्यला, असं बायका बोलू लागल्या. धुरपताबाईनं त्यांना चांगलं झापलं. पण दुसऱ्या दुपारी वाडीतून परतताना तिचे पाय आपोआप तिकडे वळले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कुलूप जागेवर, किल्ली तिच्या कमरेला. तिनं दाराला कान लावला.

फुस्स. आणि त्याच्या मागोमाग दुसरा श्वास, ओढून घेतलेला, माणसाचा.

तिला पळून जावंसं वाटलं, पण मग गाव काय म्हणेल? राम राम म्हणत तिनं कुलूप काढलं.

अंधारात भिंतीला टेकून कोणीतरी बसलं होतं. मशीनवरची चादर अंगावर, नाकात नळी, डोळे मिटलेले.

"सुमित्राबाई?"

डोळे उघडले. तो चंद्रभान होता.

"मागच्या दाराची... कडी मीच... काढून ठेवलती," तो म्हणाला. "मशीनचा काटा... डाक्टरनं सांगतला... तेवढाच हाये."

"पन असं चोरून काऊन? मले सांगाचं ना जी!"

"घरी आनलं असतं... तर तू रोज... मले मेलेल्यागत... पाह्यलं असतं."

धुरपताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी दार अडवलं, तोच माणूस श्वासासाठी चोरासारखा मागच्या दारानं येत होता. ती त्याच्या शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं समाजमंदिराची दोन्ही दारं सताड उघडली. अंजूनं डॉक्टरांना बोलावून ज्याच्या त्याच्या ऑक्सिजनचं प्रमाण ठरवून घेतलं. मशीन घरी न्यायला भिणारे दमेकरी आपापली नळी घेऊन पाळीपाळीनं इथं येऊ लागले. पाळीची वाट पाहणाऱ्यांना अंजू ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायला शिकवायची.

जेठातल्या एका दुपारी धुरपताबाई जवळच्या हापशीवर पाणी भरत होती. मशीनचा आवाज चालू होता. एकाएकी तो थांबला. सारं गाव चिडीचूप झालं. घागर दणकन टाकून ती अनवाणी धावली.

उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत अंधार. चंद्रभान भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले, तसाच.

"अजी!"

त्यानं ओठ आवळले, फुंकर घातल्यागत श्वास सोडला आणि डोळे उघडले.

"लाइन गेली धुरपते, एवढी पळत काऊन आली हापशीवर घागर टाकून?"

कुठेही न थांबता तो एवढं सगळं बोलला. धुरपताबाई तिथंच दारात बसली आणि लहान पोरासारखी रडू लागली.