साखराबाईनं आकडा सांगितला

साखराबाईला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती प्रश्नपत्रिका उलटी धरून बसली होती.

गेवराईत तहसीलसमोरच्या लिंबाखाली माझं टेबल असतं. जातीचे दाखले, रेशनकार्ड, शाळांचे फॉर्म, ज्याचं जे अडेल ते मी बघतो. कुणाकडून चहासुद्धा घेत नाही आणि कुणाचं ऐकूनही घेत नाही. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं कचेरीच्या पायऱ्यांवर शिकलो. त्या दिवशी साखराबाई चकलांब्याच्या शिवारातून आली होती. घरात मेंढरं, नवरा मुंजाजी रोज त्यांच्यामागं, आणि लेक तेजश्री पाचवीत. एका खासगी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शाळा अंबाजोगाईच्या बाजूला. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली फी आमच्यासारख्यांना सात जन्मात झेपायची नाही, पण परीक्षा घेऊन दरसाल बारा पोरं फुकट घेतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं दहावीपर्यंत. जागा बारा, आणि पेपरला हजारावर पोरं.

"ताई, पेपर उलटा हाय," मी म्हणालो.

"उलटा न्हाई दादा. फिरवून बघायले."

मला हसू आलं. अंगठा उठवणारी बाई ती, सही येत नव्हती. उत्तरेश्वर गुरुजींनी, म्हणजे तेजश्रीच्या शाळेतल्या मास्तरांनी, मागच्या वर्षांच्या पेपरांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्यातलं चित्रांचं पान तिच्या हातात होतं. चार आकृत्या, त्यातली एक वेगळी, ती ओळखायची. असे चाळीस प्रश्न. मी झटकन एका आकृतीवर बोट ठेवलं. "ही वेगळी."

"न्हाई. ती तीच हाय, नुसती कुशीवर झोपलीय. परकी ही बगा, हिची शेपटी उजवीकडं हाय."

मी मागं छापलेलं उत्तर काढून बघितलं. बाई बरोबर होती. पुढच्या नऊ प्रश्नांत माझे चार चुकले, तिचा एकही नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू? एवढ्या सायबांना गप्प केलेला माणूस मी. पण रागापेक्षा उत्सुकता जास्त वाटली. जिला 'अ' ओळखता येत नाही, तिला हे कसं येतं?

म्हणून पुढच्या रविवारी मोटारसायकल काढून मी चकलांब्याला गेलो.

वाड्यापाशी, म्हणजे काट्याच्या कुंपणात मेंढरं कोंडतात तिथं, तयारी चालली होती. गेवराईतल्या क्लासला पोरं वातानुकूलित खोलीत बसतात. इथं साखराबाई काठीनं मातीत आकृत्या काढत होती आणि तेजश्री कमरेवर हात ठेवून भोवती फिरत होती. पाण्यातल्या प्रतिमेचा प्रश्न आला की दोघी हौदावर जायच्या. मेंढी पाणी प्यायला वाकली की आई विचारायची, "खुणेची खाच कंच्या कानाला?"

"डाव्या."

"अन् पाण्यातलीच्या?"

"डाव्याच. पण वरचं खाली झालं, आई. आरशात बघितलं आसतं तर बाजू बदलली आसती."

उत्तरपत्रिकेतले गोल काळे करायची सवय व्हावी म्हणून तिनं मुंजाजीच्या जुन्या सदऱ्याची बटणं कागदावर ठेवून त्यांच्याभोवती रेघा मारल्या होत्या. रोज शंभर गोल भरायचे, रेघेबाहेर शाई गेली की तो गोल बाद. गणित आणि भाषा गुरुजींकडं. चित्रं आईकडं.

"ताई, तुला हे शिकवलं कुणी?"

"शिकवायचं काय त्यात? संध्याकाळी मेंढरं आत घेताना दारात उभी ऱ्हाते. समद्यांची त्वांडं नदरंखालून जातेत. एखादं न्हाई आलं तर कळतं, कोण न्हाई ते."

"मोजत न्हाईस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चूल लाथाडली. तेजश्रीनंच हळूच सांगितलं, "मामा, आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. अन् किती हायेत ते तोंडानं काढत न्हाईत. काढलं की वाड्याला नजर लागती, कोकरं मरतेत."

हे असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. अंधश्रद्धेवर मी गावोगाव भाषणं ठोकलीत. तिथंही सुरू झालो. मुंजाजी शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "पावणं, भाषण झालं आसंल तर दूध घ्या." मी घेतलं. नाही कशाला म्हणू, धारोष्ण होतं.

लेखी परीक्षेत तेजश्री पास झाली. चित्रांत चाळीसपैकी चाळीस. गुरुजींनी मला फोनवर तीनदा सांगितलं. आता राहिली मुलाखत.

मुलाखतीला मी सोबत गेलो. सकाळची एसटी, साखराबाई खिडकीपाशी, लेक मांडीवर वही घेऊन पाढे म्हणत. शाळेत पालकांना व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं, दार उघडंच होतं. आत दोघं जण. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह, पांढरा सदरा, बोटांत अंगठ्या. आणि मुख्याध्यापिका वनमाला मॅडम.

विजयसिंहांनी सुरुवात गोड केली. "वडील काय करतात, बेटा?"

"मेंढरं राखतेत."

"अरे वा! किती मेंढ्या आहेत तुमच्याकडं?"

पोरगी गप्प.

मॅडम म्हणाल्या, "अगं घाबरू नको, सोपं विचारलंय."

तेजश्रीनं दाराकडं, आईकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"पन्नास? शंभर?" विजयसिंहांचा आवाज बदलला. "मोजता येत नाही? मॅडम, हिला चित्रांत चाळीस पडलेत म्हणता? घरच्या मेंढ्या मोजता येईनात त्या पोरीला? पेपर सोडवला कुणी?"

मला राहवलं नाही. तडक आत घुसलो. "ओ अध्यक्ष, पोरीवर आळ घ्यायचं काम नाही! लेखी द्या, पुरावा दाखवा!"

"तुम्ही कोण?"

"कार्यकर्ता."

"म्हणजे पेपर यांनीच सोडवला वाटतं," विजयसिंह मॅडमला म्हणाले. "शिपाई, यांना बाहेर न्या."

मी आणखी चार शब्द बोललो. ते लिहिण्यासारखे नाहीत. बाहेर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी पोरीची जागा घालवत होतो.

"ताई, तिला खुणेनं सांग, कायबी आकडा म्हण म्हणावं. साठ म्हण. कोण मोजायला येतंय?"

"खोटा बोलायचा तर त्यो बी आकडाच झाला की," साखराबाई म्हणाली. "तुमी जरा गप बसा, दादा. लई झालं."

मला असं गप बसवणारं माणूस तालुक्यात विरळा. मी बसलो.

ती उठली. चपला दाराबाहेर काढल्या आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली. "सायेब, तिला येतंय समदं. आमच्यात आकडा सांगत न्हाईत. म्याच सांगू नको म्हणलंय तिला."

"मग मेंढी हरवली तर कळतं कसं?" वनमाला मॅडमनी विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्वांड बघून."

"हे बघा बाई," विजयसिंह म्हणाले, "इथं घरच्या रीती चालत नाहीत. साध्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, असं लिहू का?" त्यांनी पेन उचललं.

साखराबाईनं पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटून एकेक तोंड मनात मोजलं. बरीच वर्षं कुलूप असलेली पेटी उघडावी तसं तिचं तोंड हललं.

"चौऱ्याहत्तर."

"आई!" तेजश्री ओरडलीच.

"चौऱ्याहत्तर हायेत. मोठ्या अठ्ठावन्न, सोळा कोकरं. आता ईचारा तिला काय ईचारायचं ते."

विजयसिंहांनी आकडा लिहून घेतलासुद्धा नाही. त्यांच्या लेखी तो नुसता आकडा.

मॅडम पुढं वाकल्या. "तेजश्री, एका गाडीत वीस मेंढरं बसतात. सगळी न्यायची तर किती खेपा?"

पोरीनं डोळे पुसले. "चार. चौथीला चौदाच." मग थांबून, "पण गाडीत कावून न्यायची, मॅडम? मेंढरं चालत जातेत की."

मॅडम मोठ्यानं हसल्या. पुढं दहा मिनिटं प्रश्न झाले, पोरगी पटापट बोलत होती.

परतीच्या एसटीत साखराबाई सारखी खिडकीतून दिवस किती वर आहे ते बघत होती. मला वाटलं, घरची ओढ. चकलांब्याला उतरल्यावर घरात पाऊल न टाकता ती थेट वाड्यात गेली. दिवस अजून हातभर वर होता, मुंजाजीनं मेंढरं नुकतीच आत आणली होती. आत शिरून तिनं एक मेंढी धरली, चांगली तरणी, गाभण, आणि तिचा कान धरून शेजारच्या जावेच्या, बबिताच्या दारात नेऊन बांधली.

"ही तुझी."

"कावून गं? काय झालं?" बबिता गांगरली.

"ईचारू नको. ठेव."

मुंजाजीनं लेकीकडून सगळं ऐकून घेतलं होतं. मला वाटलं, आता आदळआपट होणार. तो नुसता कुंपणावर हात ठेवून बघत राहिला. माझ्या डोक्यात उशिरानं प्रकाश पडला. शाळेत सांगितलेला आकडा दिवस मावळायच्या आत खोटा करायचा होता. चौऱ्याहत्तर आता नव्हतीच. नजर लागायची तर कुणाला लागणार?

"कोकरावर भागलं आसतं की," मुंजाजी एवढंच म्हणाला. "गाभण कशाला दिली?"

"शाळा केवढी हाय ती," साखराबाई म्हणाली. "कोकरात कसं भागंल?"

माझं अंधश्रद्धेवरचं भाषण घशापर्यंत आलं होतं. तिथंच राहिलं. ती चुकली असं मला आजही वाटतं. पण ज्याला आपण नुसतं तोंड हलवणं म्हणतो, त्यासाठी त्या बाईनं किंमत म्हणून गाभण मेंढी मोजली होती, आणि मी लेकीला फुकटात खोटं बोल म्हणत होतो.

सतराव्या दिवशी यादी लागली. मी फोन केला.

"ताई, लागलं! तेजश्रीचं नाव हाय यादीत!"

पलीकडं मेंढरांचा आवाज. मग, "बरं झालं, दादा."

"कितवा नंबर ते तरी ईचार!"

"नाव हाय न्हवं? मंग झालं की." तिनं फोन लेकीच्या हातात दिला.

तेजश्रीचा श्वास ऐकू आला. आईपासून लांब, चार पावलं चालत गेली असावी. मग हळूच म्हणाली, "मामा, कितवी आले?"

"अकरावी."

"बारात अकरावी?" ती जरा थांबली. "मंग बारावी कोण हाय? तिला बी चित्रं येत आसतील का?"