खोलीचं तापमान

मे महिन्यातल्या एका दुपारी विद्यापीठाची समिती आदिलाबादच्या आमच्या महाविद्यालयात आली. रजनी उमरे यांनी कळ दाबली आणि दिवा लख्ख लागला. तो मंद लागायला हवा होता.

उमरे मॅडम रसायनशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र. तारा माझ्या, जेल त्यांचं: पाणी धरून ठेवणारी काळी, लिबलिबीत पट्टी, तिच्यात वीजवाहक पॉलिमर मुरवलेलं. गार असताना ती फुगते, वीज कमी जाते. बत्तीस अंशांपुढे आकसते, वीज वाढते, दिवा उजळतो. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी आतून तापली तर पेट घेण्याआधी कळावं, यासाठी हा खटाटोप होता.

पट्टी खोलीच्या तापमानाला ठेवावी, असं पुस्तकात होतं. मॅडमनी तशीच ठेवली. खोलीत एक्केचाळीस अंश होते.

"हिला आणखी काय तापवणार?" हैदराबादहून आलेले अध्यक्ष म्हणाले. पुढच्या मेपर्यंत पट्टी चालली नाही, तर मॅडमची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती.

समिती गेल्यावर मी बर्फ सुचवला.

"काऊन? गंजीत बी बर्फ ठेवून राह्यले का तुमी?" मॅडम म्हणाल्या.

"मग डिसेंबरात बोलवा त्यांना. थंडी असते."

"आगीले सांगा मंग, डिसेंबरातच लाग म्हणा."

बत्तीसचा आकडा वर न्यायला मॅडमनी जेलमध्ये पाणी ओढणारा दुसरा घटक मिसळला. आकडा चढला, पट्टी फाटू लागली. माझा तास चालू असताना त्या दारात येत. "या ना सर, लवकर. तास रोजच असते, पट्टी आज टिकली हाय." मी पोचेपर्यंत ती फाटलेली असे. एकदा वैतागून मी म्हणालो, "तुमची जेली गेली, मॅडम."

"जेली पोट्टे खातेत. हे जेल हाय."

पुढच्या मेमध्ये तीच समिती, तीच खोली; पट्टी मात्र आता फाटत नव्हती. अध्यक्षांनी मान पुसत एसीच्या खोलीत बसू या का, असं विचारलं.

"नाही सर. गंजीले एसी नसते."

मॅडमनी कळ दाबली. दिवा मंद लागला. पिशवीत बंद केलेली पट्टी त्यांनी कढत पाण्यात सोडली; दिवा उजळला. बाहेर काढली, निवल्यावर पुन्हा मंदावला. अध्यक्षांनी तेच आणखी एकदा करायला लावलं.

प्रबंध मान्य झाला. जूनमध्ये मॅडमची मंचेरियलला बदली झाली. प्रबंधाची प्रत आमच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात जिथे जिथे 'खोलीचं तापमान' आलं आहे, तिथे पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं आहे: आदिलाबाद, मे.