गुडघे ताठ धरून उभी राहिलेली माणसं

कंबरदुखीने मला पार लाचार करून टाकलं, म्हणून मी त्या माणसासमोर उभा राहिलो. एरवी असल्यांना मी दारातूनच वाटेला लावतो.

लातूरला बदली होऊन वर्ष झालं होतं. आठवडाभर कचेरीतली खुर्ची आणि सुट्टीला नांदेडला घरी जायला एसटी, यात कंबरेचा खुळखुळा झाला. शेजाऱ्यांनी सांगितलं, एका मंगल कार्यालयात चिगाँगचं सात दिवसांचं शिबिर आहे. चिनी विद्या, सकाळी नुसतं उभं राहायचं. नुसतं उभं राहण्यात कोण काय फसवणार, असं मला वाटलं.

शिकवणारा निलंग्याकडचा. आधी इन्व्हर्टर विकायचा, हे त्यानंच पहिल्या दिवशी फुशारकीनं सांगितलं. "तेव्हा घरं चार्ज करायचो, आता माणसं करतो." लोक हसले. मला तेव्हाच उठून जायला पाहिजे होतं.

"झाडाला कवेत घेतल्यासारखे हात धरा. बेंबीखाली ऊर्जेचं कोठार आहे. तिथं लक्ष ठेवा, ती आपोआप फिरायला लागेल."

वीस मिनिटांत माझ्या मांड्या थरथरल्या, खांदे भरून आले. बाकी काही फिरलं नाही. मग तो एकेकाला विचारत सुटला, काय जाणवलं? एका वकिलाच्या पाठीतून वीज गेली होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाला जांभळा प्रकाश दिसला होता. असल्या माणसापुढे पोरं वही उघडून बसतात! माझ्यावर पाळी आली तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. "तळहाताला मुंग्या आल्या," मी म्हणालो. साफ खोटं.

रांगेत शेवटी कंधारच्या एक निवृत्त परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे.

"मला काहीच झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "पाय दुखून राहिले."

"मनात शंका असली की आतल्या वाटा बंद होतात, ताई."

"असल," असं म्हणून त्यांनी पदर खोचला.

तिसऱ्या दिवशी फर्मान निघालं: उद्या पाणीसुद्धा न पिता यायचं. आणि पंखे बंद, का तर वाऱ्यानं ऊर्जा उडून जाते. भर उन्हाळा, दारं लावलेली, चाळीस मिनिटं उभं राहायचं. चौथ्या दिवशी माझ्यापुढं एक ठेकेदार होता. झेंडावंदनाला राहावं तसा गुडघे ताठ करून उभा. अर्ध्या तासानं तो डुलला आणि धाडकन खाली आला.

"हात लावू नका!" शिकवणारा ओरडला. "ऊर्जा जागी झाली!"

शिकली-सवरली पन्नास माणसं. कुणी हात जोडले, कुणी मोबाईल काढून चित्रीकरण सुरू केलं. मी नुसताच उभा राहिलो, तेही तितकंच लाजिरवाणं.

सिस्टर रांग सोडून पुढं आल्या. "सरका. पंखे लावा." त्यांनी ठेकेदाराला उताणं केलं, गळ्याचं बटण सोडलं, नाडी बघितली आणि त्याचे पाय उचलून माझ्या हातात दिले. "असेच वर धरा, भाऊ."

मिनिटभरात त्यानं डोळे उघडले. शिकवणारा गुडघ्यावर बसला. "काय दिसलं?"

"अंधारी आली."

"आणि अंधारानंतर?"

ठेकेदारानं त्याच्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं. "उजेड," तो म्हणाला.

त्याचे पाय तिथंच सोडून द्यावेसे वाटले मला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार पहिल्या रांगेत मधोमध होता. आमचं कधी होणार म्हणून दोघी जणी रडल्या. वकील तर मुद्दाम गुडघे ताठ धरून उभा होता. सिस्टर आल्याच नाहीत. त्यानंतर मीही गेलो नाही.

चार दिवसांनी त्या मला बागेत भेटल्या. "सिस्टर, तुम्हीबी सोडलं?"

"सोडलं कुठं? रोज गच्चीवर उभी राहते. उभं राहणं खोटं न्हाई भाऊ, तो माणूस खोटा हाय." ऑपरेशनच्या टेबलाशी त्यांनी उभ्यानं तीस वर्षं काढली होती. "गुडघे आवळले की रक्त खालीच राहतं. नव्या पोरी अशाच पडायच्या. दाखवा बरं, कसं उभं राहता?"

लिंबाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी शिबिरातल्यासारखे हात धरले.

"खांदे कानाला लागले तुमचे. पाडा. गुडघे सैल. आणि दम कशाला कोंडून राहिलात?"

दम सोडला तसा पुढचा श्वास आपोआप पोटात खोल गेला. हळूहळू सगळं वजन टाचांत उतरलं. कंबर, जी मी वर्षभर मुठीसारखी आवळून धरली होती, ती सुटली. मग तळहात जड झाले, खरोखरच ऊन झाले. दोन्ही हातांच्या मध्ये काहीतरी भरल्यासारखं वाटत होतं. सांगायची मला लाज वाटली.

"हात गरम झाले," शेवटी म्हणालो.

"होणारच. खांदे सुटले, रक्त हातात आलं."

"म्हणजे हीच ती ऊर्जा?"

"नाव काय ठेवायचं ते ठेवा. पण बोलू नका, परत दम कोंडला तुमचा."

त्या आता लेकीकडं मुखेडला राहतात. मी रोज सकाळी वीस मिनिटं उभा राहतो, न्याहारी करून. कंबर पूर्ण बरी नाही, पण नांदेडपर्यंत आता बसून जाता येतं. बहुतेक दिवशी हात गरम होतात. काही दिवशी होत नाहीत, तेव्हा तसाच उभा राहतो.