बॉनेटच्या तीन गोधड्या

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही रंगवून सांगावीशी वाटते ती एका बॉनेटची चोरी!

मी तेव्हा डोंबिवलीत नेमणुकीला होतो. भर मे महिन्यात गावातले एक जमीनदार शेठ अर्ज घेऊन धापा टाकत आले.

"सायेब, रविवारी पोराची हलद हाय, नि गारीला बॉनेटच नाय!"

गाडी साधीसुधी नव्हे. पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची! गोठ्यात गंजलेलं ते धूड शेठनी मानपाड्याच्या शेडमध्ये नेऊन, रंग खरवडून, उघड्या पत्र्यापासून पुन्हा उभं करायला घेतलं होतं. शेडमध्ये शिरलो आणि मी पंचनामाच विसरलो. काय ती ऐट! फक्त बॉनेटच्या जागी भगदाड. जुन्याची चाळण झालेली, नवं मिळेना. म्हणून म्हाताऱ्या मिस्त्रींनी सपाट पत्रा आठ महिने ठोकून नवं घडवलं होतं. तेच गायब.

कुलूप शाबूत होतं. म्हणजे चोर घरचाच. संध्याकाळी आमचा खबरी, एक रिक्षावाला, टपकला.

"भंगारवाल्यांकडे नाय साहेब. पण मिस्त्रीने काल तीन गोधड्या विकत घेतल्या. ह्या उकाड्यात!"

मिस्त्रींना चौकशीला बोलावलं. दोन तास एकच पालुपद, "माहीत नाही साहेब." चहा प्यायले, बिस्किटं संपवली, कबुली नाही. मग मी खोटाच फोन कानाला लावला.

"काय? शीळफाट्याला, भंगारात? आडवं टाकलेलं? मधोमध पोचा?"

म्हातारा ताडकन उठला. "आडवं? पोचा? शक्यच नाही! मी उभं ठेवलंय, गोधड्यांत..."

म्हाताऱ्याने जीभ चावली. आमचे हवालदार भिंतीकडे वळून हसू लागले.

"का केलंत, मिस्त्री?"

"शेठ त्याला भोक पाडणार होते साहेब. हळदीला स्पीकर बसवायला. मला बघवलं नसतं."

आता नियमाने मिस्त्री कोठडीत जाणार आणि बॉनेट मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात. आमचं आवार मला ठाऊक होतं. जप्त गाड्या तिथे निकालाची वाट बघत मातीला मिळायच्या. गुन्हा अजून दाखल नव्हता. शेठ आणि मिस्त्री, दोघांना जीपमध्ये घातलं आणि थेट मिस्त्रींचं कोलशेतचं घर गाठलं.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "बघा हो साहेब! पंख्याचा सगळा वारा त्या बॉनेटला, आणि मी घामाघूम!"

गोधड्या उतरल्या. शेठनी बॉनेटवरून सावकाश तळवा फिरवला.

"जोड कुठं हाय रं?"

"जोड नाही शेठ. एकच पत्रा."

कडेपासून कडेपर्यंत बोटं पुन्हा एकदा फिरली. मग शेठ खेकसले, "माना सांगायचास ना!"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही डीजेवाल्याशी फोनवर होतात."

शेठ माझ्याकडे वळले. "सायेब, अर्ज फारा. स्पीकर टेंपोवर लावू."

रविवारी गाडी निघाली. बॉनेट अजून राखाडी प्रायमरमध्येच, आणि पुढच्या सीटवर नवऱ्यामुलाशेजारी मिस्त्री!

त्यानंतर घरातल्या चोरीत मी आधी एकच विचारू लागलो: ही वस्तू जागेवर राहिली असती, तर तिचं काय होणार होतं? त्या प्रश्नाने पुढे एक हरवलेली सायकल सापडली. मुलगा ती भंगारात देणार होता. चोर खुद्द मालक निघाला, त्या मुलाचे वडील, वय वर्षे ऐंशी.