जासूस वाचला, असं मी सांगितलं

भिंतीवर जासूस पुलापाशी पोचला होता आणि जानकी वाल सोलत बसली होती. दुसऱ्या दिवशी सूर्यमाळला शो होता. शोच्या आधी दार लावून फिल्म घरच्या भिंतीवर चालवून बघायची, ही आमची जुनी रीत. मी मशीन बघायचो, बायको फिल्म बघायची. लोक कुठं कंटाळून उठतील ते तिला बरोबर कळायचं.

हा जासूस कोटवाला. मी मशीनवर लागलो तेव्हापासून त्याच्या फिल्मा येतात. हिरो म्हातारा झाला की बदलतात. बाकी ठरलेलं. आधी पळापळ, मग पडद्यावर नावं, मग त्याला यंत्रं देणारा म्हातारा, शेवटी होडीत बाई. नवा हिरो आला की जानकी आधी नावं ठेवायची, मग सांभाळून घ्यायची. "त्यांचा हिरो बदलतो तरी," म्हणायची.

एका फिल्ममध्ये तो यंत्रवाला म्हाताराच नव्हता. तेव्हा फिल्म रिळावर यायची. रीळ म्हणजे चित्रांची लांब पट्टी. ब्लेडनं कापायची, सोल्युशननं चिकटवायची, त्याला जोड म्हणायचं. जुन्या फिल्मचा तुटका तुकडा माझ्या डब्यात पडला होता. जानकी म्हणाली, लावा. लावला. मोखाड्यात नवा हिरो दारातून आत गेला आणि जुना हिरो यंत्र घेऊन बाहेर आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकानंही विचारलं नाही.

ही फिल्म पेन ड्राइव्हवर. त्याला जोड देता येत नाही. म्हातारा नाही, होडी नाही. हिरो दाढीवाला, हसत नाही, वर रडतो. जानकी कुरकुरली आणि भात लावायला उठली. शेवट मी एकट्यानं बघितला. जासूस पुलावर मेला. खरोखरचा मेला.

आतून तिनं विचारलं, "वाचला ना?"

"वाचला," मी म्हणालो.

सकाळी पाणी भरताना ती पडली. जव्हारच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. शो राहिला.

तेराव्यानंतर शेठ घरी आले. मशीन त्यांचं, मी ऑपरेटर, त्यांच्या वडिलांच्या तंबू टॉकीजपासूनचा. सूर्यमाळचे लोक विचारतायत म्हणाले. मी म्हटलं, येतो, पण पुलापाशी फिल्म बंद करणार.

"काका, असं कसं? फिल्म पूर्ण दाखवायची असते."

"तुमच्या वडिलांनी माझ्याकडून किती कापून घेतल्या, ठाऊक आहे?"

"ते दिवस गेले. बंद पाडलीत तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला, पण ऐकलं नाही. बायकोला वाचला म्हणून सांगितलंय. ती तेवढंच घेऊन गेली. मग माझ्या मशीनवर तो मरणार कसा?

सूर्यमाळला शाळेपुढं पडदा बांधला. अंधार पडल्यावर पाड्यापाड्यांतून माणसं गोधड्या घेऊन आली. जासूस पुलावर चढला आणि मी बटण दाबलं. म्हटलं, संपली फिल्म, वाचला तो.

भिवंडीहून कामावरून आलेले दोघे हसले. त्यांनी मोबाईलवर आधीच बघितली होती. "काका, मर गया वो," एक म्हणाला. शेठ माझ्याकडे यायला निघाले. मी मशीनपुढं आडवा उभा राहिलो.

तेवढ्यात पुढं बसलेली सोमीबाई उठली. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी. जानकीला ओळखायची.

"बाबा, तुजी बाई गेली, आमाला समजला," ती म्हणाली. "हा मेला त मेला. आमी काय मरान पाहेला नाय? दाव."

मला राग आला. पण ती खाली बसेना. शेवटी मी फिल्म लावली.

जासूस मेला. कोणी उठलं नाही. बायांनी डोळ्याला पदर लावले. मीही बघितलं, या वेळी नीट. नावं सरकायला लागली तशी सोमीबाईनं विचारलं, "आता दुसरा आनतील ना?"

"आणतील. नेहमी आणतात."

"त्याला दाढी नको," ती म्हणाली आणि गोधडी उचलून गेली.

परत शेठच्या जीपमधून आलो. जव्हारला मी उतरताना शेठ म्हणाले, पुढचा दाभोशाचा शो तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा धुवायला काढला. हे काम जानकीचं होतं. विहिरीवर नेला, साबण लावला, बादलीत नीळ ओतली. किती ओतायची ते माहीत नव्हतं, कधी विचारलंच नव्हतं. पडदा निळा झाला. दोनदा खळबळला, तरी निळाच. शेजारीण म्हणाली, नीळ आधी वाटीभर पाण्यात कालवायची असते, मग बादलीत.

आता माहीत झालं. दाभोशाला निळ्यावरच दाखवीन.